मूल कुणाच्या भरवशावर?

१ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात बोलताना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर २.१च्या खाली गेला तर समाज टिकत नाही, म्हणून दोनपेक्षा अधिक, निदान तीन मुलं हवीत, असं मत मांडलं. त्याच नागपूर जिल्ह्यात, भंडारा रस्त्यावर कन्हान नदीच्या काठी वसलेल्या मौद्याच्या तालुक्यात कुणाला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची असेल, तर कायदा नेमका उलटा आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असेल, तर उमेदवारी बाद. सरकारी नोकरीसाठी २००५च्या नियमांनी घातलेली छोट्या कुटुंबाची अटही अशीच आहे. एकीकडून तिसरं मूल होऊ द्या असा आग्रह, दुसरीकडून तिसरं झालं तर शिक्षा. दोन्ही सूर परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचं गृहीतक एकच आहे. किती मुलं जन्मावीत हे समाजाने, धर्माने किंवा सरकारने ठरवायचं आणि त्यांना वाढवायचं मात्र ज्याचं त्याने, असं दोघेही धरून चालतात. आज मुलं कमी का होत आहेत, या प्रश्नाचं उत्तर मला या गृहीतकातच दिसतं. मूल सगळ्यांचं आहे असं आपण म्हणत राहिलो आणि त्याच्या संगोपनातला आपापला वाटा एकेकाने काढून घेतला. उरलेला सगळा भार दोन माणसांवर, खरं तर एकट्या आईवर, येऊन पडला. हा भार जितका झेपतो तितकीच मुलं आज जन्माला येत आहेत.

आधी आकडे नीट पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी २.९ मुलं होत. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत हा आकडा १.७ वर आला. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२३च्या अहवालानुसार तर तो १.४ आहे. एक पिढी जाऊन तितकीच दुसरी यायची असेल तर २.१ लागतात. म्हणजे महाराष्ट्र ती रेषा केव्हाच ओलांडून खाली आला आहे, आणि ही घट फक्त मुंबई-पुण्याची नाही. पाचव्या फेरीत राज्याच्या ग्रामीण भागाचाही आकडा १.९ होता. मोठ्या शहरांत मूलच नको म्हणणारी जोडपी चर्चेत असतात, पण त्यांची संख्या अजून थोडी आहे. मौद्यासारख्या अर्ध्या शेतीच्या, अर्ध्या कारखानदारीच्या तालुक्यात घट होते ती वेगळ्या वाटेने. लग्न होतं, वर्ष-दोन वर्षांत पहिलं मूल होतं, आणि मग एकावर किंवा दोनावर घर थांबतं. त्यामुळे मूलच नको म्हणणारे आणि एकावर थांबणारे यांच्याकडे निरनिराळ्या जातीची माणसं म्हणून पाहणं मला चुकीचं वाटतं. दोघांचा हिशेब एकच आहे, फक्त तो वेगवेगळ्या आकड्यावर थांबला आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. हे पाश्चात्त्यांचं अनुकरण आहे, शिकलेल्या बायकांना करिअर हवं, आजच्या पिढीला मौजमजा हवी, जबाबदारी नको. पुरावा या आरोपाच्या बाजूने उभा राहत नाही. पाचव्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. म्हणजे जिथे मुली लवकर उजवल्या जातात, उच्च शिक्षण आणि करिअर हे शब्द जिथे घरात फारसे पोचलेलेही नाहीत, अशा घरांसह या राज्याचा जननदर १.७ आहे. देशात शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा जननदर २.८ आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचा १.८ असा फरक आहे हे खरं, पण पायरी वरची असो की खालची, उतरणीला सगळ्याच लागल्या आहेत. धर्माचंही तेच. १९९२-९३ ते २०१९-२१ या काळात हिंदू स्त्रियांचा जननदर ३.३ वरून १.९ वर आला आणि मुस्लिम स्त्रियांचा ४.४ वरून २.४ वर, म्हणजे अधिक वेगाने. सगळे थर, सगळे धर्म, गाव आणि शहर एकाच दिशेने चालले असतील, तर कारण कुणा एका गटाच्या बिघडलेल्या मनात शोधून सापडणार नाही.

शिवाय ही वाट आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावली, १९२७ पासून १९५३ मध्ये मरण येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि पत्नी मालतीबाईंसह विचारपूर्वक निपुत्रिक राहिले. सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम आला तो १९५२ मध्ये, तीन दशकांनंतर. मौद्याच्याच मातीतलं उदाहरण याहून बोलकं आहे. महानत्यागी बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक सेवक चळवळीचा मौद्याला आश्रम आहे. पूर्व विदर्भातल्या कष्टकरी घरांमध्ये या चळवळीने दारू, सट्टा, जुगार सोडवले, आणि सेवकांना घालून दिलेल्या नियमांत आपला परिवार मर्यादित ठेवण्याचाही नियम आहे. व्यसन सोडणं, घरात एकी ठेवणं आणि मुलं मोजकी होऊ देणं या तिन्ही गोष्टी तिथे माणसासारखं जगण्याच्या एकाच प्रयत्नाचा भाग मानल्या गेल्या. कमी मुलं होऊ देणं हा स्वार्थ नव्हे, झालेल्या मुलांविषयीचं कर्तव्य आहे, हा विचार कर्व्यांच्या मुंबईत आणि बाबांच्या सेवकांच्या घरांत स्वतंत्रपणे रुजला.

तो रुजायला जमीन कुणी तयार केली? अक्षरशः जमिनीनेच. राज्यातली शेतजमिनीची सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. मौदा हा धानाचा तालुका, पेंच प्रकल्पाच्या कालव्यांवर पिकणारा. धानाला माणसं लागतात. बांधीत पऱ्हे (रोपं) न्यायचे, रोवणा (लावणी) करायचा, पाणी राखायचं, जनावरं चारायची, पाखरं हाकायची. या कामात सहा-सात वर्षांचं पोरही उपयोगी पडे आणि बारा वर्षांचा मुलगा अर्धा गडी मानला जाई. चार हेक्टरच्या घराला पाच मुलं म्हणजे दहा हात. सव्वा हेक्टरच्या घराला तीच पाच मुलं म्हणजे पाच हिस्से. त्याच तालुक्यात आता एनटीपीसीचं २,३२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र उभं आहे. तिथे किंवा नागपूरच्या कुठल्या कंपनीत शिरायचं तर मुलाला आयटीआय, डिप्लोमा, पदवी हवी, म्हणजे अठरा-वीस वर्षांपर्यंत त्याच्यावर फक्त खर्चच करायचा. पूर्वी मूल घराला हातभार लावत मोठं होई, आज मोठं होईपर्यंत घराने त्याला हातभार लावायचा असतो. हा बदल वाईट नाही. बालमजुरी थांबावी, सहा ते चौदा वयाचं प्रत्येक मूल शाळेत असावं, यासाठी आपणच २००९चा शिक्षण हक्क कायदा केला. पण मुलांना कामावरून शाळेत नेल्यावर घरांनी मुलांची संख्या कमी केली, तर त्यात नवल वाटायला नको.

दुसरा बदल मृत्यूचा आहे. १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या हजारातली १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२३ मध्ये हा आकडा २५ वर आला, महाराष्ट्रात तो आणखी खाली आहे. मौद्यापासून फार दूर नसलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी कशी घ्यायची ते शिकवलं आणि नवजात मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते काम छापलं आणि जगाने उचललं. 'पाच झाली तर दोन तरी जगतील' हा हिशेब जिथे करावा लागत होता, तिथे आता 'दोन झाली तर दोन जगतील' अशी खात्री मिळाली. जननदर उतरण्यामागचं हे सर्वांत चांगलं कारण, आणि त्याबद्दल कुणी हळहळण्याचं काही कारण नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. आजी-आजोबांकडे आजच्यापेक्षा कमी पैसा होता, तरी त्यांनी आठ मुलं वाढवली. आज घरात फ्रिज आहे, दारात मोटारसायकल आहे आणि तरी दुसरं मूल परवडत नाही म्हणता? शिवाय श्रीमंतांना तर कमी मुलं असतात, मग प्रश्न पैशाचा कसा? हा आक्षेप पैसा आणि खर्च यांत गल्लत करतो. मुलाचा खर्च घरातल्या पैशावर ठरत नाही. मुलाचं काय देणं लागतो, याविषयी त्या काळाची जी समज असते तिच्यावर तो ठरतो. आठ मुलं वाढत होती तेव्हा त्यांच्या नशिबी भाकर, कपडा आणि गावची शाळा एवढंच होतं, आणि तेवढं दिलं की आईबापाचं कर्तव्य पूर्ण होई. आज मौद्यात तीन वर्षांचं लेकरू कॉन्व्हेंटात घालायचं असतं. त्याची फी, व्हॅनचे पैसे, गणवेश, पाचवीपासून ट्यूशन, दहावीनंतर नागपूरला क्लास आणि खोली. हा हौसेचा पसारा नाही. शेतीवर पोट भरणार नाही, दहावी-बारावीवर नोकरी मिळणार नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत पट घसरतो आहे आणि वीसच्या आतल्या पटाच्या शाळांवर बंद होण्याची टांगती तलवार आहे, हे समोर दिसत असताना आईबापाला या शर्यतीबाहेर राहायचं धाडस होत नाही. श्रीमंताची शर्यत आणखी वरच्या पट्टीत असते, म्हणून त्याचीही मुलं कमी. चांगलं सार्वजनिक शिक्षण आणि चांगलं सार्वजनिक आरोग्य जिथे कोसळतं, तिथे प्रत्येक घर आपापल्या मुलासाठी स्वतंत्र सरकार चालवू लागतं. असं सरकार दोन मुलांसाठी चालवणंही अवघड असतं.

आणि पैशाहून मोठा खर्च वेळेचा आहे, जो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे घरात मूल येतं तेव्हा बाईच्या दिवसातली जवळपास पाच तासांची बिनपगारी पाळी आधीच भरलेली असते. पूर्व विदर्भात कुही-भिवापूरच्या बाजूला मिरचीचे सातरे भरतात. वाळलेल्या लाल मिरचीच्या ढिगाभोवती बायका सकाळपासून मान खाली घालून बसतात, एकेक मिरची उचलून देठ खुडतात आणि संध्याकाळी किलोच्या हिशेबाने मजुरी घेतात. नाकातोंडावर पदर बांधलेला, तरी ठसका लागतोच, बोटांची आग रात्रीपर्यंत जात नाही. त्या तिखटाच्या धुळीत तान्हं बाळ सोबत ठेवता येत नाही. सासू किंवा मोठी नणंद घरी असेल तर ही बाई कामाला जाऊ शकते, नसेल तर मजुरी बुडते. अंगणवाडी आहे, पण तिथे बसतात ती तीन ते सहा वयाची मुलं, तीही दिवसातले थोडे तास. तीन वर्षांखालच्या बाळासाठी घरी न्यायचा पोषण आहार मिळतो, बाळ सांभाळायला कुणी मिळत नाही. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. सातऱ्यावरच्या, रोवण्याच्या, ठेकेदाराच्या बाईपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. पूर्वी मूल अंगणात वाढे. आजी, काकू, थोरली बहीण, शेजारीण सगळ्यांच्या नजरेखाली. ते अंगण गेलं आणि त्याच्या जागी आपण काहीच उभं केलं नाही.

थांबण्याचा भारही पुन्हा तिच्याच वाट्याला येतो. देशात कुटुंबनियोजनासाठी स्त्रीची शस्त्रक्रिया ३७.९ टक्के जोडप्यांत झालेली आढळते आणि पुरुषाची नसबंदी ०.३ टक्के जोडप्यांत, जरी पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची असली तरी. आणीबाणीतल्या सक्तीची भीती पुरुषांच्या मनात घर करून बसली, असं म्हणतात. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमतही केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अडलं. पण अर्धशतक उलटून गेल्यावर भीती हे कारण पुरत नाही. पुरुषाने मुलाच्या जन्माचा अभिमान घ्यावा आणि बाकी सगळं बाईने निभवावं, ही सवय ते खरं कारण आहे. कुटुंब लहान करतानाही मुलगा हवाच हा हट्ट सुटला नाही, त्याचीही किंमत बाईनेच मोजली. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ राहिल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करणाऱ्या राज्याची ही स्थिती. नांदवायला मुली नाहीत, शेतकऱ्याच्या पोराला बायको मिळत नाही, अशी तक्रार आज विदर्भात गावोगाव ऐकू येते, तिच्यामागे हाही हिशेब आहे.

आता कुणी म्हणेल, बायकांना कमीच मुलं हवी आहेत, मग तक्रार कसली? पाचव्या सर्वेक्षणात देशातला प्रत्यक्ष जननदर २.० असताना स्त्रियांच्या इच्छेप्रमाणे तो १.६ असता. ही नोंद मी टाळू इच्छित नाही, कारण लोकांना खूप मुलं हवी आहेत आणि फक्त परवडत नाहीत, असं सरळ चित्र तिने मोडतं. पण इच्छा हवेत जन्मत नाही. ज्या बाईने आईला मुलांपायी खंगताना पाहिलं, पहिल्या बाळंतपणानंतर स्वतःची मजुरी बुडालेली पाहिली, ती दुसरं नको म्हणते तेव्हा ती तिची खरी इच्छा असते आणि परिस्थितीने दिलेली शिकवणही असते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२५च्या अहवालासाठी १४ देशांत पाहणी केली, तीत हवी तितकी मुलं न होण्यामागे भारतातल्या ३८ टक्के लोकांनी पैशाची अडचण, २२ टक्क्यांनी घराची, २१ टक्क्यांनी नोकरीच्या अस्थिरतेची आणि १८ टक्क्यांनी भरवशाच्या बालसंगोपनाच्या अभावाची अडचण सांगितली. नको असताना मूल होणं आणि हवं असताना न होणं ही एकाच पारतंत्र्याची दोन टोकं आहेत.

मग सोयी दिल्या की मुलं वाढतील का? प्रामाणिक उत्तर, बहुधा फारशी नाही. फिनलंडमध्ये पालकांसाठी रजा आणि पाळणाघरं जगात नावाजलेली आहेत, तरी २०२३ मध्ये तिथला जननदर १.२६ होता. दक्षिण कोरियाने दोन दशकं पैसा ओतला आणि त्याच वर्षी ०.७२ वर उतरला. चीनने १९८० ते २०१५ एका मुलाची सक्ती केली, २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली, आणि २०२२ पासून लोकसंख्या घटू लागली. या देशांनी शिकवलेला धडा असा, की सरकारला हवी तेवढी मुलं जन्माला घालण्याचं यंत्र अस्तित्वात नाही. सक्तीनेही नाही, आमिषानेही नाही. म्हणून पाळणाघराची मागणी मी जननदर वाढावा म्हणून करत नाही. जे मूल जन्मलं आहे त्याला आणि जिने ते जन्माला घातलं तिला माणसासारखं जगता यावं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. त्यातून कुणाला दुसरं मूल हवंसं वाटलं तर आनंदच, न वाटलं तर तो तिचा निर्णय.

म्हातारपणाचं काय, हा शेवटचा आणि सर्वांत खरा प्रश्न. २०११ मध्येच महाराष्ट्रात साठीपुढचे लोक जवळपास १० टक्के होते आणि तो वाटा वाढतच जाणार. पण म्हातारपणाची काठी म्हणून मूल हवं, हे म्हणणं जन्माआधीच त्याच्यावर कर्ज चढवतं. निराधार वृद्धाला श्रावणबाळ योजनेत महिन्याला पंधराशे रुपये देणाऱ्या राज्याने आपली जबाबदारी न जन्मलेल्या मुलांवर ढकलू नये. वृद्धांची काळजी हा पेन्शनचा, दवाखान्याचा आणि शेजारधर्माचा प्रश्न आहे, बाईच्या गर्भाशयाचा नाही.

मूल नसलेल्या बाईला आपण आजही ओटी भरायला मागे ठेवतो, बारशाला बोलावताना कचरतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना पोटचं मूल नव्हतं. त्यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, समाजाने टाकलेल्या विधवांची बाळंतपणं केली आणि त्यातल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेऊन डॉक्टर केला. मूल कुणाचं, या प्रश्नाचं महाराष्ट्राने दिलेलं हे सर्वांत थोर उत्तर आहे. त्या दोघांनी कुणाला मूल जन्माला घाला म्हणून सांगितलं नाही, जन्मलेल्या मुलाची जबाबदारी उचलली.

करायचं काय, तेही स्पष्ट आहे. दोनच्या वर मूल झालं म्हणून निवडणूक आणि नोकरी नाकारणारे नियम रद्द करावेत. आंध्र प्रदेशाने निवडणुकीची अशी अट २०२४ मध्ये काढून टाकलीच आहे. तिसऱ्यासाठी बक्षीस किंवा दबाव आणण्याचा मोहही टाळावा. प्रत्येक अंगणवाडीला जोडून सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी पाळणाघर असावं, रोवण्याच्या आणि सातऱ्याच्या वेळेला जुळणारं, आणि तिथल्या सेविकेला मानधन नव्हे, पगार मिळावा. प्रसूतीचा मोबदला ठेक्यावरच्या आणि शेतातल्या बाईलाही मिळावा. बापालाही रजा असावी आणि त्याने ती घ्यावी. जिल्हा परिषदेची शाळा इतकी चांगली असावी की कॉन्व्हेंटची व्हॅन ही सक्ती उरू नये. या कामाला ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत सगळ्यांना हात लावता येतो, आणि जोवर तो लागत नाही तोवर मुलं किती हवीत हे सांगण्याचा अधिकार कुणालाच पोचत नाही. पाळण्याची दोरी ओढायला जो येत नाही, त्याने पाळणा हलावा म्हणून आग्रह धरू नये.